मॅडिसनचं कॅपिटल: फुकटची टूर आणि तिच्यातून निसटणारा बॉब ला फॉलेट

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचं कॅपिटल, म्हणजे राजधानी मॅडिसनमधलं विधानभवन, गाइडसोबत फिरून बघायला एक पैसा लागत नाही. फुकटात मिळणाऱ्या गोष्टींत ही टूर फार वरच्या दर्जाची आहे. इमारतीसाठी जाणार असाल तर पाचपैकी पाच. रॉबर्ट ऊर्फ बॉब ला फॉलेट या माणसासाठी जाणार असाल तर पाचपैकी तीन, आणि उरलेले दोन स्वतःच्या पायांनी मिळवायचे. त्यातला दोष गाइडचा नाही. १९०१ ते १९०५ ही पाच वर्षं ला फॉलेटने विस्कॉन्सिनचं राजकारण उलथंपालथं केलं, पण आज दाखवतात त्या इमारतीतून त्याने एक दिवसही कारभार केला नाही. १ जानेवारी १९०६ ला त्याने गव्हर्नरपद सोडलं, आणि हिचं बांधकाम सुरू झालं त्याच वर्षी, पण तो गेल्यानंतर.

आधी एक खुलासा. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो लोकांच्या मतांनी थेट निवडून येतो आणि राज्याचा कारभार खरोखर चालवतो, त्यामुळे डोळ्यांपुढे मुख्यमंत्री आणलेला बरा. फरक एवढाच की विधानसभेत बहुमत नसलं तरी त्याची खुर्ची हलत नाही. ला फॉलेटची निम्मी कारकीर्द या एका फरकावर उभी आहे, कारण पक्षाचं बहुमत असूनही सभागृह त्याच्या विरोधात होतं.

शिकागोहून मॅडिसन गाडीने साधारण अडीच तास, मिलवॉकीहून सव्वा ते दीड तास. टूर रोटंडातल्या, म्हणजे घुमटाखालच्या गोल दालनातल्या, माहिती कक्षापासून निघते. वेळा सोमवार ते शनिवार सकाळी ९, १०, ११ आणि दुपारी १, २, ३. रविवारी फक्त दुपारच्या तीन. पाऊण ते पाऊण तासाहून थोडी जास्त चालते. दहा किंवा अधिक माणसं असतील तर आधी नोंदणी करावी लागते, नाहीतर आयत्या वेळी सरळ जाऊन उभं राहायचं. इमारत आठवड्यात सकाळी ८ ते संध्याकाळी ६ आणि शनिवार-रविवार व सुट्टीच्या दिवशी ८ ते ४ उघडी. सणासुदीला वेळा बदलतात, तेव्हा निघण्याआधी एकदा बघून घ्या.

शनिवार सकाळ मात्र जपून निवडा. एप्रिल ते नोव्हेंबर कॅपिटलभोवतीच्या चौकात डेन काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, शेतकरी बाजार भरतो. ताजं चीज, मध, सफरचंदं, सगळं उत्तम, पण गर्दी चौकाभोवती एकाच दिशेने सरकते आणि पार्किंगसाठी चार गल्ल्या फिराव्या लागतात. बाजार आणि टूर दोन्ही हवं असेल तर बाजार सकाळी लवकर उरकून ११ ची टूर धरा. नुसती टूर हवी असेल तर मंगळवार-बुधवार बरा.

टूरमध्ये काय दिसतं ते थोडक्यात. बांधकाम १९०६ ते १९१७, वास्तुकार न्यूयॉर्कचे जॉर्ज बी. पोस्ट आणि त्यांची मुलं, खर्च सुमारे बहात्तर लाख डॉलर. बाहेरून व्हर्माँटचा पांढरा बेथेल ग्रॅनाइट. ग्रॅनाइटचा घुमट असलेलं अमेरिकेतलं हे एकमेव राज्य-कॅपिटल. उंची २८४ फूट, वॉशिंग्टनच्या कॅपिटलहून थोडीशीच कमी. आत ४३ प्रकारचे दगड वापरलेत. जिन्यांच्या आणि खांबांच्या दगडांत जीवाश्म आहेत, त्यांची यादी माहिती कक्षात मागून घ्या. कंटाळलेल्या मुलांना ती हमखास कामाला लावते. रोटंडाच्या चार कोपऱ्यांत केनियन कॉक्सची काचेच्या तुकड्यांची चार चित्रं आहेत, एकेकात सुमारे एक लाख तुकडे. सर्वोच्च न्यायालयाच्या दालनात अल्बर्ट हर्टरची चार चित्रं, त्यातलं एक मेनॉमिनी जमातीच्या चीफ ऑश्कॉशवरच्या खटल्याचं. बाकीच्या तिघांत रोम, मॅग्ना कार्टा आणि अमेरिकेची राज्यघटना आहे. इथल्या मातीतला माणूस फक्त त्या एका चित्रात आहे, म्हणून तिथे जरा जास्त थांबा. गव्हर्नरची बैठकीची खोली व्हेनिसच्या डोजच्या, म्हणजे तिथल्या जुन्या शासकाच्या, महालावरून बेतलेली आहे. सोनेरी नक्षी इतकी की नजर ठरत नाही. ज्यांना आवडते त्यांना फार आवडते.

फसगत कुठे होते? अधिवेशन चालू असेल तर सभागृहात आत नेत नाहीत, प्रेक्षक सज्जातूनच बघावं लागतं. न्यायालयाचं कामकाज चालू असेल तर ते दालनही वगळलं जातं. उलट, अधिवेशनाच्या दिवशी सज्जात बसून मतदान बघता आलं तर ते टूरहून चांगलं, पण त्यासाठी वेळ हातात ठेवा. कामकाज घोषित वेळेला सुरू होईलच असं नाही. घुमटाभोवतीचा उघडा सज्जा फक्त उन्हाळ्यात खुला असतो आणि शेवटचा टप्पा जिन्यानेच चढावा लागतो. आई-बाबा गुडघ्यांनी त्रस्त असतील तर त्यांना खालीच रोटंडातल्या बाकावर बसवून जा. बाकी इमारतीत लिफ्ट आहेत.

आता जो भाग टूरमध्ये दोन वाक्यांत उरकतो त्याकडे.

आधीचं कॅपिटल २७ फेब्रुवारी १९०४ च्या पहाटे जळालं. गॅसच्या दिव्याची ज्योत नव्याने वॉर्निश केलेल्या छताला लागली. विद्यापीठाच्या पाण्याची टाकी नेमकी रिकामी होती, त्यामुळे नळांना दाब नव्हता. मिलवॉकीहून रेल्वेने बंब मागवले, ते थंडीत गोठले. विद्यार्थ्यांनी कायद्याच्या ग्रंथालयातली पुस्तकं हातोहात बाहेर काढली. गव्हर्नर ला फॉलेट स्वतः आगीच्या ठिकाणी उभा राहून काम करवत होता. आणि कळस म्हणजे, राज्याने स्वतःचाच विमा निधी उभारायचं १९०३ मध्ये ठरवल्यामुळे बाहेरच्या कंपन्यांचा विमा आगीच्या काही आठवडे आधीच संपू दिलेला होता. नवा निधी अजून भरायचा होता. म्हणजे आजची इमारत विम्याच्या पैशांतून उभी राहिलेली नाही. ती करांतून उभी राहिली, एकेक पंख बांधत: आधी पश्चिमेचा, मग पूर्वेचा, दक्षिणेचा, मधला घुमट आणि सगळ्यात शेवटी उत्तरेचा, कारण जुन्या इमारतीचा वाचलेला उत्तर पंख तोवर वापरात होता. टूरमध्ये पश्चिम पंखातून उत्तर पंखात जाताना हे लक्षात ठेवलं तर सजावटीतला फरक आपोआप दिसतो.

असेंब्ली, म्हणजे खालचं सभागृह, पश्चिम पंखात आहे. आज ९९ सदस्य. ला फॉलेटच्या वेळी १०० होते. सिनेट, म्हणजे वरचं सभागृह, तेव्हाही ३३ ची, आजही ३३ ची. आपल्या विधान परिषदेसारखी ती मागच्या दाराने भरत नाही, दोन्ही सभागृहं थेट मतदानाने. असेंब्लीत समोर चित्रकार ब्लॅशफील्डचं मोठं चित्र आहे आणि गाइड बहुतेक वेळ त्यावरच घालवतात. तुम्ही भिंतीवरच्या मतदानाच्या फलकाकडे बघा. १९१७ मध्ये इथे विजेचं मतदान यंत्र बसलं, जगातल्या कुठल्याही कायदेमंडळातलं पहिलं. कळ दाबली की कोणी कुठे मत दिलं ते सगळ्यांसमोर. हा फलक बघितला की ला फॉलेटचं सगळ्यात धारदार हत्यार समजतं, कारण ते हेच होतं, फक्त विजेशिवाय.

त्या हत्याराचं नाव ‘रोल कॉल वाचणं’. विधिमंडळ तेव्हा विषम वर्षांतच भरायचं: १९०१, १९०३, १९०५. आमदार मॅडिसनला येऊन रेल्वे कंपन्यांच्या बाजूने मत द्यायचा आणि मतदारसंघात परतून शेतकऱ्यांच्या बाजूने भाषण ठोकायचा. मधल्या काळात कोणी विचारणारं नव्हतं. ला फॉलेटने १९०४ च्या प्रचारात सभागृहाच्या छापील कामकाजातली मतांची यादी उचलली आणि गावोगावी सभांत जशीच्या तशी वाचून दाखवली: हा ठराव, तुमच्या आमदाराचं मत हे. विशेषण नाही, आरोप नाही. समोरचा आमदार त्याच्याच रिपब्लिकन पक्षाचा असला तरी वाचायचाच, किंबहुना तेव्हाच जास्त. सभेतला माणूस पुढचं स्वतःच ठरवायचा. वक्ता म्हणून तो तासन् तास बोलायचा, आकडेवारीची रीळच्या रीळ सोडायचा, पण लोकांच्या लक्षात राहिली ती ही यादी.

रेल्वेचा प्रश्न नेमका काय होता हे कळल्याशिवाय यादीची धार कळत नाही. शेतकऱ्याच्या जमिनीवर तिच्या किमतीच्या हिशोबाने कर बसायचा. रेल्वे कंपन्या मात्र आपल्या ढोबळ उत्पन्नावर ठराविक टक्के भरून मोकळ्या होत, आणि ते उत्पन्न किती हे त्या स्वतःच सांगायच्या. ला फॉलेटचं म्हणणं, रेल्वेच्या मालमत्तेचीही किंमत ठरवा आणि इतरांसारखाच कर घ्या. १९०१ च्या अधिवेशनात हे पडलं. त्याच अधिवेशनात सभागृहांनी कुत्र्यांवर कर बसवणारं विधेयक मात्र मंजूर करून पाठवलं. ला फॉलेटने ते परत पाठवलं: कंपन्या आपला वाटा भरत नसताना शेतकऱ्याच्या कुत्र्यावर कर कसला? विरोधकांना हे नाटक वाटलं, आणि थोडं ते होतंही. पण करप्रणालीवरचं शंभर पानी भाषण जे करू शकलं नसतं ते एका कुत्र्याने केलं. पुढे १९०३ मध्ये मालमत्तेवर आधारित रेल्वे कर आला आणि १९०५ मध्ये भाडेदरांवर लक्ष ठेवणारा रेल्वे आयोग. नोकरभरतीत वशिल्याला आळा घालणारा सिव्हिल सर्व्हिस कायदाही १९०५ चाच.

असेंब्लीतून सिनेटच्या दालनात गेल्यावर गाइड पनामा कालव्याचं चित्र दाखवतात. चित्र ठीक आहे. पण १९०१ मध्ये याच सिनेटने (जुन्या इमारतीत) ला फॉलेटचं प्रायमरी निवडणुकीचं (पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडण्याचं) विधेयक कापून-छाटून फक्त काउंटीच्या पदांपुरतं करून पाठवलं, त्याने ते नाकारलं, आणि सिनेटने गव्हर्नरच्या निषेधाचा ठराव केला. दालनात उभं असताना हे गाइडला विचारा. बहुतेकांना माहीत असतं. फक्त न विचारता सांगत नाहीत. एकूणच या टूरचं तंत्र असं आहे की प्रश्न जितका नेमका तितकं उत्तर चांगलं. ‘ला फॉलेट कोण होता?’ विचारलंत तर ‘फायटिंग बॉब’ आणि एक पुतळा मिळेल. ‘१९०४ चं पक्षाचं अधिवेशन जिममध्ये का भरलं?’ विचारलंत तर गाइडचा चेहरा खुलतो.

प्रायमरी म्हणजे काय हे आपल्याकडच्या वाचकाला एका शब्दात सांगता येतं: तिकीट. पक्षाचं तिकीट कोणाला हे मुंबई-दिल्लीत बंद खोलीत ठरतं हे आपण गृहीतच धरतो. विस्कॉन्सिनमध्ये ते पक्षाच्या अधिवेशनात ठरायचं, आणि अधिवेशनातले प्रतिनिधी लाकूड आणि रेल्वेतल्या बड्या मंडळींच्या खिशात असायचे. ला फॉलेटला त्याचे चटके बसलेले. १८५५ मध्ये प्रिमरोज नावाच्या खेड्यात जन्म, १८७९ मध्ये विद्यापीठाची पदवी, १८८० मध्ये मॅडिसनच्या पोस्टमास्तर-कम-पक्षनेत्याला न विचारता जिल्हा सरकारी वकिलाची निवडणूक लढवून जिंकली, मग १८८५ ते १८९१ वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहात. १८९१ मध्ये लाकूडसम्राट सिनेटर फिलेटस सॉयर यांनी आपल्याला लाच देऊ केली असं त्याने जाहीर केलं. सॉयर यांनी ते नाकारलं, ती वकिलाची फी होती असं त्यांचं म्हणणं. खरं काय ते त्या दोघांना माहीत, पण तिथून पक्षाचे दरवाजे बंद झाले. १८९६ आणि १८९८ ला गव्हर्नरपदाचं तिकीट अधिवेशनात हुकलं, १९०० ला मिळालं. दोनदा हात पोळल्यावर त्याने तिकीट वाटपच मतदारांच्या हाती द्यायचं ठरवलं. कायदा १९०३ मध्ये झाला, १९०४ च्या नोव्हेंबरात मतदारांनी सार्वमतात तो पक्का केला.

मे १९०४ चं ते अधिवेशन बघायचं तर कॅपिटलमधून बाहेर पडून स्टेट स्ट्रीट धरा. वाहनांची गर्दी कमी, दोन्ही बाजूला खाण्याची दुकानं, साधारण दीड किलोमीटर. शेवटी विद्यापीठ लागतं आणि सरोवराच्या काठी लाल विटांची, किल्ल्यासारखी बुरूज असलेली इमारत: रेड जिम, बांधकाम १८९४ चं. आज तिथे विद्यापीठाची कार्यालयं आहेत. १९०४ मध्ये ला फॉलेटच्या माणसांनी दाराशी काटेरी तारांची चिंचोळी वाट केली, एका वेळी एकच माणूस जाईल अशी, आणि पहाऱ्याला विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले धिप्पाड गडी उभे केले. बोगस प्रतिनिधी घुसवले जातील ही भीती. विरोधी गट उठून फुलर ऑपेरा हाउसमध्ये गेला आणि त्याने वेगळं अधिवेशन भरवून वेगळा उमेदवार दिला. खरा रिपब्लिकन पक्ष कोणाचा, हा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ऑक्टोबरमध्ये निकाल ला फॉलेटच्या बाजूने लागला. पक्ष कोणाचा आणि चिन्ह कोणाचं हे कोर्टात ठरताना अलीकडे बघितलेल्या मराठी माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. रेड जिममध्ये त्या दिवसाचं फारसं काही मांडलेलं नाही; दार आणि दारासमोरची जागा बघायची, बस.

ला फॉलेटला देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांनी १९०६ ची पहिली प्रायमरीही बघावी. त्याचा माणूस होता अर्विन लेनरूट. मतदारांनी तिकीट दिलं जेम्स डेव्हिडसनला. आपल्याच कायद्याने आपलाच उमेदवार पडला. १९०८ मध्ये तर वॉशिंग्टनच्या सिनेटसाठीच्या प्रायमरीत आयझॅक स्टीफनसन या लाकूडवाल्या कोट्यधीशाने एक लाख डॉलरहून जास्त उधळले आणि जिंकला. हाच स्टीफनसन आधी ला फॉलेटच्या प्रचाराला पैसा पुरवत होता. तिकीट बंद खोलीतून बाहेर काढलं की खर्च वाढतो, हे तेव्हाच दिसलं होतं. टूरमध्ये यातलं काही येत नाही, आणि इथे मात्र तक्रार करायला जागा आहे.

खरोखर खोलात जायचं असेल तर रेड जिमपासून काही पावलांवर, ८१६ स्टेट स्ट्रीटला, विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीची इमारत आहे. वाचनकक्ष नुसता बघायला गेलात तरी चालतं. काम करायचं असेल तर क्रम असा ठेवा: आधी त्या काळचं ब्लू बुक, म्हणजे राज्याचं दर दोन वर्षांचं सरकारी पुस्तक, त्यात प्रत्येक आमदाराचं जन्मगाव, धंदा, आधीची पदं आणि मिळालेली मतं असतात. जुनी ब्लू बुकं विद्यापीठाने स्कॅन करून मोफत ठेवली आहेत, तेव्हा हे घरूनच उरका. मग असेंब्ली आणि सिनेटचे जर्नल, विषम वर्षांचे. विधेयकाचा क्रमांक अनुक्रमणिकेत शोधा, त्यावरची नावानिशी मतं काढा. बाजूने आणि विरोधात या दोन रकान्यांइतकाच तिसरा, ‘गैरहजर किंवा मत दिलं नाही’ हा रकाना वाचा. अडचणीच्या मतदानाला चहा प्यायला गेलेले तिथेच सापडतात. शेवटी वर्तमानपत्रं, पण एकच वाचू नका. त्या काळी प्रत्येक पेपर कोणत्या ना कोणत्या गटाचा होता. ला फॉलेटच्या बाजूने निघालेल्या ‘मिलवॉकी फ्री प्रेस’मागे पैसा याच स्टीफनसनचा होता.

पुन्हा कॅपिटलकडे. शिल्पकार जो डेव्हिडसन (वर आलेला जेम्स डेव्हिडसन नव्हे) याने घडवलेला ला फॉलेटचा अर्धपुतळा इमारतीत आहे. टूर त्याच्यापाशी थांबेलच असं नाही, म्हणून माहिती कक्षात जागा विचारून टूरआधीच बघून घ्या. केस मागे ताठ उभे, जबडा आवळलेला. शिल्पकाराने माणूस बरोबर पकडलाय. त्याच शिल्पकाराने केलेला ला फॉलेटचा बसलेला पूर्ण पुतळा वॉशिंग्टनच्या कॅपिटलमध्ये आहे. रोटंडात मात्र एक मिनिट नुसतं उभं राहा. १९०६ पासून मरेपर्यंत तो वॉशिंग्टनला सिनेटर होता, १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या विरोधात मत देऊन स्वतःच्याच राज्यात शिव्या खाल्ल्या, १९२४ मध्ये तिसऱ्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहून सुमारे ४८ लाख मतं मिळवली आणि एकच राज्य जिंकलं, विस्कॉन्सिन. १८ जून १९२५ ला तो गेला, आणि अंत्यदर्शनासाठी त्याला याच घुमटाखाली आणून ठेवलं.

कबर फॉरेस्ट हिल दफनभूमीत, कॅपिटलपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. बाजूला बेल केस ला फॉलेट, त्याची बायको आणि विस्कॉन्सिनच्या लॉ स्कूलमधून पदवी घेणारी पहिली स्त्री, १८८५. दफनभूमी मोठी आहे, आत रस्ते वळणाचे, आणि हिवाळ्यात बर्फाखाली दगडांवरची नावं वाचता येत नाहीत. मे ते ऑक्टोबर जा.